हात सैल सोड की

हमीदाचाचींना चेहरे लक्षात राहत नसत, हात राहत. शनिवार पेठेतल्या आमच्या गल्लीत त्या पंचवीस-तीस वर्षं बांगड्या भरायला आल्या. पण रस्त्यात समोरून हाक मारली तर गोंधळून बघत उभ्या राहायच्या. हातात हात दिला की लगेच म्हणायच्या, "तू व्हय! मास्तरांची सुमी." मग आईची, मावशीची, म्हशीची, सगळ्यांची चौकशी. त्या कुणाच्या ओसरीवर बसल्यात ते गल्लीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जायचं.

आवळलेल्या हातात त्या कधी बांगडी चढवत नसत. बोटं जुळवून घ्यायच्या, अंगठ्याखालचं हाड हलकेच दाबायच्या आणि वाट बघायच्या. "हात सैल सोड की गं. जोरानं न्हाय चढत ती. हातानं वाट दिली की चढतीया." घाईतल्या बायका वैतागत. चाचींना मात्र जगात कसलीच घाई नसे, आणि त्यांच्या हातून बांगडी वाढलेली मी क्वचितच पाहिली.

मी आठ वर्षांची असताना मला देवी आल्या. दाराला लिंबाचा डहाळा लागला आणि गल्ली आमचं दार टाळून चालू लागली. मला मागच्या खोलीत ठेवलं. वडिलांना लहानपणीच देवी येऊन गेल्या होत्या, म्हणून माझं सगळं तेच करत. माझा भाऊ बाळू चार महिन्यांचा होता, त्याला टोचलेलंही नव्हतं. आई उंबऱ्यापलीकडून बजावायची, "बाळूला शिवायचं नाही हं. तुझा हात लागला तर त्याला होईल." तिचं काही चुकलं नव्हतं. तसं केलं म्हणूनच बाळू वाचला.

खपल्या पडल्या. आता ही मोकळी, असं डॉक्टर सांगून गेले. पण माझी वेणी घालून झाली की आई साबणानं हात धुऊन मगच बाळूला घ्यायची. मी ते रोज बघत होते. शाळेत फुगडीला कुणी माझ्यापुढे हात केला नाही, आणि केला असता तरी मी तो धरला नसता. बाळू रांगत आला की मी मुठी पाठीमागे लपवून भिंतीला चिकटायची. माझ्या हातांत काहीतरी वाईट राहिलंय, याची मला खात्रीच होती.

पंचमी जवळ आली तशा एका मंगळवारी चाची आल्या. गल्लीतल्या पोरींनी हात पुढे केले, मी लांब बसून राहिले. चाचींच्या गालांवरही देवीचे व्रण होते. इतकी वर्षं ते समोर असून मला कधी दिसले नव्हते. "मलाबी झालतं," त्या म्हणाल्या. "तुझ्याएवढीच हुते." मी जागची हलले नाही, त्यांनीही ओढून आणलं नाही. पुढच्या मंगळवारी कुणी न बोलावता पुन्हा आल्या, नुसत्या बसून गेल्या.

तिसऱ्या मंगळवारी त्यांनी बाळूसाठी इवल्याशा काळ्या बांगड्या काढल्या. बाळू त्यांच्या मांडीवर लाथा झाडत होता.

"सुमे, हिकडं ये. ह्याचं मनगट धर. ह्यो पैलवान मला आवरंना."

"त्याला होईल," मी म्हटलं.

आई स्वयंपाकघरातून धावतच आली, बाळूला उचलायला. चाचींनी मान वर केली नाही.

"वैनी, डाक्टरनं पोरगीला मोकळी केली न्हवं?"

"केली."

"मग तुमी कवा करनार?"

आई बाळूपाशी खाली बसली. रडू लागली, आणि रडतरडतच तिनं माझा हात ओढून बाळूच्या मनगटावर ठेवला. मनगट ऊबदार आणि जरासं चिकट होतं. चाचींनी सावकाश बांगडी चढवली. "आता तुझा," म्हणाल्या. माझी मूठ उघडायला बराच वेळ लागला, तेवढा वेळ त्या वाट बघत बसल्या.

पुढे मी शाळेत शिकवू लागले. आजारातून उठून आलेल्या मुलाला मी पहिल्या दिवशी हात धरून बाकापर्यंत नेते. हे मला कुठल्या प्रशिक्षणात शिकवलेलं नाही.

चाचींची नजर गेल्यावर एकदा बाळूला घेऊन त्यांना भेटायला गेले. तो आता चांगला सहा फुटी. त्याचा हात मी त्यांच्या हातात दिला. त्यांनी तळवा चाचपला, मनगटावर बोटं फिरवली.

"ह्यो कुनाचा? बांगडीचा न्हवं ह्यो हात."

"बाळूचा, चाची."

त्या मोठ्यानं हसल्या. माझा हात शोधून त्यांनी तो त्याच्या मनगटावर ठेवला. "धर गं त्याला. मला अजून आवरंना."

त्याच वर्षी चाची गेल्या. त्यांच्या जनाज्याला बाळूनं खांदा दिला.