फोटोपायी दिराचं जाळं फाटलं

तुमीच मला चढवून ठेवलंय. खाडीचा फोटो टाकला की "वा आजी" लिहिता. नमस्कार मंडळी, आता ऐका.

सकाळी माझा दीर नामदेव खाडीत जाळं फेकत होता. फोटो काळपट आला. जरा ऊन पडल्यावर मी म्हटलं, "परत फेक."

"वैनी, पानी उतरलंय. खाली दगड हायत."

"एका फोटोनं मरतोस काय?"

त्यानं फेकलं. जाळं दगडात अडकून उभं फाटलं. त्यानं ते गोळा केलं आनि उलट मलाच विचारतो, "आला का फोटो?"

फोटो झकास आलाय. टाकनार नाय. तो ओट्यावर जाळं शिवत बसलाय, उद्याची मासळी गेली, आनि मला दाराबाहेर पडायची लाज वाटते.

त्याच्यासमोर जाऊन काय बोलू? ज्याचं जाळं दुसऱ्याच्या हौसेपायी फाटलंय, त्यानंच उत्तर द्यायचं. बाकीच्यांनी गप बसा.