आढ्याची फट

कार्डिफबाहेर नवऱ्याचा आणि माझा लहानसा डेअरी फार्म आहे. गोठा जुना झाला म्हणून आम्ही नवा आखला. छप्पर उंच आणि आढ्यापाशी लांब फट. गायींच्या श्वासाची वाफ त्या फटीतून बाहेर जाते. ती आत कोंडली की गायी खोकतात. आमच्या जुन्या गोठ्यात गेला हिवाळाभर खोकत होत्या.

शेजारच्या बाईंनी बांधकामाला परवानगी देणाऱ्या कौन्सिलकडे हरकत घेतली. उंच छपरामुळे त्यांना टेकडी दिसणार नव्हती. छप्पर खाली आणा, फट बुजवा, मग मंजुरीचे पाहू, असे कौन्सिलने कळवले.

आम्ही बाईंना भेटायला गेलो. त्यांचे घर म्हणजे पूर्वीचा गोठाच. गायी बांधायच्या लोखंडी कड्या त्यांनी पॉलिश करून भिंतीत तशाच ठेवल्या आहेत. त्यांना कोट अडकवलेले होते. वर आढ्यात उघडझाप होणारी काच होती.

"ती खिडकी छान आहे," नवरा म्हणाला.

"ती नसती तर इथे जीव गुदमरला असता," बाई म्हणाल्या.

"गायींचंही तसंच होतं," मी म्हटले.

"अहो, मग त्यांना बाहेर सोडा की."

"जानेवारीत?"

त्यांनी चहा विचारला. आम्ही नको म्हटले.

घरी येताच नवऱ्याने नकाशा पसरला आणि पेन्सिल उचलली. "थोडं खाली घेऊ या का?"

"फट राहील आणि छप्परही राहील," मी म्हटले. "त्यांना टेकडी बघायची असेल तर चार पावलं चालत जाऊ देत."

त्याने पेन्सिल ठेवली. आम्ही तोच नकाशा पुन्हा पाठवला.