करीमचाचांना मी मेण पाजलं तो दिवस

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण पुढं मी मध्येच रडकुंडीला येणार आहे. सांगताना दर वेळी येते. तुम्ही चहा घ्या, थंड करू नका.

मी बीएस्सी केमिस्ट्री. वारंगा फाट्याच्या अलीकडं आमच्या बाळूकाकांचं मेणाचं युनिट आहे, तिथं केमिस्ट म्हणून लागले. बाळूकाका म्हणजे वडिलांचे लांबचे चुलतभाऊ. केमिस्ट म्हणजे पांढरा कोट आणि एक टेबल. हायवेवरून ट्रकचा हॉर्न वाजला की मी दचकते, आणि फाट्यावर ट्रकांना दुसरा उद्योग नाही. त्यामुळं पहिल्याच आठवड्यात युनिटमधली काचेची बीकरं संपली. तेव्हापासून मी नमुना स्टीलच्या गिलासात घेत होते. इथं लक्ष द्या.

मेण कसं होतं ते दोन शब्दांत सांगते, नाहीतर माझी भीती तुम्हाला कळायची नाही. रिफायनरीतून पिंपांत येतं ते कच्चं मेण. तपकिरी, तेलकट, बोट लावलं तर दिवसभर हात धुवावे लागतात असलं. ते वितळवून सपाट ताटांत थिजवायचं. मग ती ताटं बंद खोलीत मांडून खोली हळूहळू तापवत न्यायची. मेण वितळता कामा नये, पण त्यातलं तेल मात्र पाझरून खाली गळलं पाहिजे. मेणाला घाम फोडायचा, बस. म्हणून त्या खोलीचं नाव घामखोली. पुढं ते मेण परत वितळवायचं, त्यात एक खास माती ढवळायची, ती रंग ओढून घेते, आणि कापडाच्या थरांतून दाबून गाळायचं. शेवटी नळातून जे गरम मेण येतं ना, ते पाण्यासारखं असतं. वास नाही, चव नाही, रंग नाही. गिलासात ठेवलं तर देवसुद्धा फसेल.

तर त्या दिवशी वाशीमहून करीमचाचा माल बघायला येणार होते. त्यांचा मेणबत्त्यांचा मोठा कारखाना, दिवाळीच्या मालासाठी मेण उन्हाळ्यातच उचलतात. त्यांनी हात आखडला तर युनिटला कुलूप लागणार होतं, हे बाळूकाकांनी मला तीनदा ऐकवलं होतं. आणि नेमके काका बॉयलरचा पार्ट आणायला नांदेडला गेलेले.

फोनवर म्हणाले, "हे बघ पोरी, माल दाखवायचा, च्या पाजायचा. ह्या लॉटमध्ये लाईट गेल्ती अन् घामखोली मधीच थंड पडली, हे आपून होऊन सांगायचं काई काम न्हाई. माल धाडायच्या आदी पुन्ना घाम काढू आपून."

"अन् त्यांनी विचारलं तर?"

"इचारलं तर सांग. पण न्हाई इचारत. दिसायला बराबर हाये माल."

दिसायला बरोबर होता, हे खरं. पण तेल आत राहिलं होतं. मेणबत्ती केली असती तर धूर सोडत जळाली असती. मला रात्रभर झोप नव्हती.

करीमचाचा आले. पांढरी दाढी, पांढरा पायजमा, स्वतःच छोटा टेम्पो चालवत. मी नुकताच नळावरून त्याच लॉटचा नमुना घेऊन गिलास ऑफिसच्या टेबलावर ठेवला होता. त्यांना खुर्ची दिली आणि मी चहाचं सांगायला मागं गेले. तिथं दूध नासलेलं. मग फाट्यावर माणूस पाठवला, त्यात वेळ गेला. परत आले तर टेबलावर गिलास रिकामा, आणि चाचा दाढी पुसत बसलेले.

म्हणाले, "बेटा, पानी कोमट होतं तुमचं. माठ न्हाई ठेवत का?"

माझ्या कानात घंटा वाजायला लागली.

"तुम्ही... प्यायलात?"

"आख्खा गिलास. कनेरगाव नाक्यावर ठेचा खाल्ला, तवापास्नं पोटात कसंतरीच होऊन राहिलं."

आणि त्यांनी पोटावर हात ठेवला.

आता मी केमिस्ट. मेण कितीला वितळतं ते मला तोंडपाठ, माणसाचं अंग किती गरम असतं तेही पाठ. अंग कमी गरम. म्हणजे मेण आत गेलं की थिजणार. माझ्या डोळ्यांसमोर चाचांच्या पोटाच्या आकाराची एक मेणबत्ती उभी राहिली. फक्त वात नव्हती.

त्यांना सांगायचं कसं? म्हातारा माणूस. "चाचा, तुम्ही मेण प्यायलात," असं म्हटलं आणि त्या धक्क्यानंच गेले तर? मी ठरवलं, सांगायचं नाही, फक्त गरम ठेवायचं.

"चाचा, घामखोली बघायची ना? आत्ताच बघू."

ते खूश. त्यांना बघायचीच होती. मी त्यांना आत नेलं आणि दार ओढून घेतलं. बाहेर उन्हाळा, आत त्याहून वर. पुढच्या लॉटच्या ताटांतून तेल ठिपकत होतं, आणि चाचांच्या कपाळावरून घाम. ते एक ताट बघून निघाले की मी म्हणायची, "ते कोपऱ्यातलं राहिलं." कोपऱ्यातलं झालं की, "वरचं बघा ना." चहा आला तर तोही मी आतच दिला, उकळता, दोन कप.

"बेटा, आता बाहेर जाऊ."

"नको. बाहेर वारं आहे."

त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. माझे हात थरथरत होते, ओठ कोरडे पडले होते, आणि डोळ्यांत पाणी. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला.

"तुले काय होऊन राहिलं, बेटा?"

"दवाखान्यात जायचं. आत्ताच्या आत्ता. प्लीज, चाचा."

"चल." एक शब्द विचारला नाही त्यांनी. मला वाटलं, पोटात थिजायला लागलं असणार, म्हणूनच लगेच तयार झाले.

गाडी त्यांचीच आणि चालवणारेही तेच. म्हणजे विचार करा, मरणाच्या दारातला माणूस स्वतः गाडी चालवत दवाखान्यात निघालाय, आणि मी शेजारी बसून खिडकीची काच वर करतेय. ते खाली करायचे, मी वर करायची.

"अगं, जीव जाईन गरमीनं."

"गरमीनं नाही जात, चाचा. थंडीनं जातो."

त्यांनी टेम्पो आणखी जोरात पळवला. मधूनमधून माझ्याकडं बघायचे आणि तोंडातल्या तोंडात दुआ म्हणायचे. मी मनात मारुतीचं स्तोत्र म्हणत होते. दोघंही एकमेकांसाठी, हे तेव्हा कुणाला ठाऊक?

फाट्यावरच्या दवाखान्यात गर्दी होती. आमचे चेहरे बघून डॉक्टरांनी आधी आत घेतलं.

"पेशंट कोण?"

मी चाचांकडं बोट केलं. चाचांनी माझ्याकडं.

"हिले पाहा डाक्टरसाहेब, पोरगी कापून राहिली. डोक्यावर गरमी गेली वाटते. घडीघडीला काच लावते."

"मी ठीक आहे. यांना बघा. यांनी मेण प्यायलंय!"

नर्सच्या हातातला कापूस खाली पडला.

"म्या मेण पेलो?" चाचांनी विचारलं.

"आख्खा गिलास. पॅराफिन. वितळलेलं. तुम्हाला धक्का बसेल म्हणून सांगितलं नाही."

डॉक्टर सावकाश म्हणाले, "हे बघा ताई, चांगलं शुद्ध केलेलं मेण असेल तर एवढं घाबरायचं कारण नाही. पण नीट सांगा, शुद्ध होतं ना?"

झालं. इथं मी तोंड बंद ठेवलं असतं तर आज हा किस्सा एवढा लांबला नसता. पण समोर माणूस मरत होता, आणि मी मार्कांसाठी तोंडी परीक्षा देत असल्यासारखी सुटले.

"नाही, डॉक्टर, अजिबात शुद्ध नाही. लाईट गेली होती, घामखोली मध्येच थंड पडली, अर्धंच तेल गळलं. वरून माती ढवळून गाळलं म्हणून पांढरं दिसतं इतकंच. आत कच्चं तेल तसंच आहे. मेणबत्ती केली तर धूर निघेल. आख्खा लॉट तसाच आहे, एकूण एक पेटी."

चाचा खुर्चीत नीट सरळ बसले.

"आख्खा लॉट?"

तेव्हा मला कळलं की मी नक्की कोणासमोर बोलतेय.

डॉक्टरांनी विचारलं, "गिलासात मेणच होतं, हे कोणी पाहिलं?"

कोणी पाहिलं? मी कांताबाईंना फोन लावला. त्या युनिटमध्ये ताटं भरतात, आणि ऑफिसात पाहुणा आला की पाणीही त्याच देतात. फोन स्पीकरवर होता.

"कांताबाई, टेबलावरच्या गिलासातलं मेण कुठंय?"

"ते व्हय? ते थिजायलं होतं, म्हून म्या नेऊन कढईत वतलं. पाव्हन्याला दुसऱ्या गिलासात जारचं पाणी देलं. काहून?"

"जारचं?"

"जार उन्हात राहिला व्हता बाई, पाणी जरा तापलं व्हतं. पाव्हना रागावला का?"

पुढचं मला आठवत नाही, कारण मी तिथंच खाली बसले, आणि बसल्यावर आडवी झाले.

डोळे उघडले तेव्हा हाताला सलाईन होतं. शेजारी स्टुलावर चाचा फोनवर बोलत होते. पलीकडं बाळूकाका. मी डोळे परत मिटून घेतले.

"हाव, पाहिला माल. तेल राह्यलं त्यात... कोनं सांगतलं ते सोडा हो. इतकी वर्सं मेण घेऊन राहिलो, समजते मले. पुन्हा घाम काढा बराबर, मंग उचलतो आख्खा लॉट. हाव, उचलतो म्हन्लं ना. अन् तुमची केमिस्ट इथंच हाये, दवाखान्यात. न्हाई, न्हाई, आता बरी हाये. तब्येत बिघडली एकदम पोरीची, मीच घेऊन आलो गाडीत."

एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. हसले नाहीत, हे मी शपथेवर सांगते. मला वाटतं बाहेर जाऊन हसले असतील.

लॉटला पुन्हा घाम काढला, चाचांनी उचलला, युनिट चालू आहे. आणि तेव्हापासून फाट्यापासून आमच्या घरापर्यंत सगळ्यांना एकच हकिगत ठाऊक आहे: केमिस्ट बाई भर उन्हात चक्कर येऊन पडल्या, आणि वाशीमच्या करीमचाचांनी टेम्पो पळवून त्यांचा जीव वाचवला.

आईनं तर त्यांच्यासाठी लोणच्याची मोठी बरणी भरली, माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "देवमाणूस आहे. पाया पड त्यांच्या."

पडले. आणखी काय करणार होते?