शैलाच्या गाठी

हे मी आजवर देवापुढेही बोललेले नाही. हात जोडले की ओठांवर यायचं — मग मी मोठ्याने आरती म्हणायला लागायचे. आता ऐंशीला टेकले. तुम्ही माझे कुणी नाही, म्हणूनच तुम्हाला सांगते.

पेणला आम्ही दोघीच. मी आणि माझी एकुलती एक शैला. तिचे वडील ती शाळेत असतानाच गेले. मी पापड लाटून तिला शिकवलं. नव्वद सालानंतर कधीतरी ती रोह्याच्या एका कंपनीत, ऑफिसात लागली. सकाळी एसटीने जायची, दिवेलागणीला परतायची. तिच्या पगारावर घर चालायचं — पुढे मी जे केलं, त्यात हेही होतं. नव्हतं, असं कशाला म्हणू?

तिथलाच मुकुंद तिला आवडला. मुलगा चांगला, माणसं चांगली. त्याची मावशी आमच्याच आळीत राहायची. तिने रीतसर विचारलं. पण मुकुंदची बदली गुजरातेत व्हायची होती. म्हणजे शैलाही जाणार. आणि मी? — माझ्या डोक्यात दुसरं काही राहीचना. मी काय करायचं?

त्याच दिवसांत शैलाच्या कुशीत कळ आली. मुतखडा असेल म्हणून सोनोग्राफी केली. खडा नव्हता, पण गर्भाशयात दोन गाठी दिसल्या. डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघींना समोर बसवून समजावलं — याला फायब्रॉइड म्हणतात, हरभऱ्याएवढे आहेत, गर्भाशयाच्या बाहेरच्या अंगाला. कॅन्सर नव्हे. कितीतरी बायकांना असतात, जन्मभर पत्ता लागत नाही. कळ त्यांची नव्हेच. त्रास नाही तर औषध नाही, ऑपरेशन नाही. वर्षाने पुन्हा बघू. मध्येच पाळीला फार जायला लागलं, ओटीपोट जड वाटलं, तर लगेच या.

मी विचारलं, "आणि लग्न?"

त्या हसल्या. "खुशाल करा. असल्या गाठींनी मूलबाळ अडत नाही."

म्हणजे, मला समजलं नव्हतं असं म्हणायची सोयसुद्धा मला नाही.

पुढे काही दिवसांनी मुकुंदची मावशी पापड न्यायला आली. मी — कसं सांगू? — मी खोटंही बोलले नाही हो. एवढंच म्हटलं, "पोरीच्या पिशवीत गाठी निघाल्यात." आणि पदर डोळ्यांना लावला.

"व्हय गो? मंग मूलबाळ?"

मी डॉक्टरीणबाईंचं बाकीचं सगळं बोलणं गिळून बसले.

नकार आला. त्यांना कळलं कसं, असं शैलाने विचारलं. मी म्हटलं, "भिंतींना कान असतात, बाई."

इथेच थांबले असते तर तुम्हाला निम्मंच कळलं असतं. निम्मं सांगायची मला सवय आहे.

मुकुंद घरी आला होता. शैलाने कंपनीत त्याच्याशी बोलणं टाकलं होतं — अभिमानी पोर. म्हणून ती कामावर असताना तो माझ्याकडे आला. उन्हातून आलेला, चेहरा उतरलेला. म्हणाला, "काकू, मूल नाही झालं तरी मला चालेल. घरच्यांचं मी बघतो. तिला एवढं सांगा."

आणि मी त्याला सांगितलं, "तिलाच नको आहे."

त्याने पाणी प्यायलं, नमस्कार केला — हो, मला वाकून नमस्कार केला — आणि गेला. नंतर गुजरातेत गेला तो गेलाच. तो येऊन गेला, हे शैलाला आजही ठाऊक नाही.

पुढची स्थळं आली तेव्हा ती आपणहून गाठींचं सांगून टाकायची. माणसं चहा पिऊन उठायची. एकदा तर ती पिशवीच काढून टाका म्हणून हटून बसली. डॉक्टरीणबाई रागावल्या — जे दुखत नाही, वाढत नाही, ते कापायचं कशाला? वर्षामागून वर्षं तपासणी व्हायची. गाठी होत्या तेवढ्याच. तिने मग लग्नाचा विषय बंद केला. मी कुणापाशी हळहळायचे, तेव्हा आतून मला बरं वाटायचं. बरं वाटायचं! हे ऐकून घ्या.

पाळी गेल्यावर तिने शेवटची सोनोग्राफी केली. गाठी आक्रसल्या होत्या, जेमतेम दिसत होत्या. घरी येऊन ती माझ्याजवळ बसली, हसली.

"आई, आयुष्यभर वाटलं, यांनी माझं वाटोळं केलं. पण खरं सांगू? यांनी मला एक दिवससुद्धा त्रास दिला नाही गं."

मी वाल सोलत होते. सोलतच राहिले. तिने माझ्या मांडीवरचं सूप ओढून घेतलं. "राहू दे, तुझी बोटं दुखतात," म्हणाली, आणि उरलेले वाल तिने सोलले.