गाऱ्हाण्यात घुसलेलं इंग्रजी

चुकीचं इंग्रजी ऐकलं की माझ्या उजव्या कानामागे खाज सुटते. डिचोलीच्या डॉक्टरांना दाखवून झालं. त्यांनी बॅटरी मारून कानात बघितलं आणि "एव्हरीथिंग इज परफेक्टली ऑलराइट, रिलॅक्स युवरसेल्फ!" असं म्हणाले, तेव्हा खाज दोन्ही कानांमागे सुटली!

सरकारी कचेरीत मी उभा जन्म इंग्रजी पत्रांचे मसुदे तपासले. निवृत्तीच्या दिवशी लाल पेन टेबलावर ठेवून आलो, पण तोंड काही कोणी जमा करून घेतलं नाही. त्यामुळे मयेला घरी बसल्यापासून माझ्या तावडीत बायको, मुलगी, बसचा कंडक्टर आणि सकाळी पाव घेऊन येणारा पोदेर सापडले. पोदेर हल्ली लांबूनच भोंगा वाजवतो आणि पावाची पिशवी फाटकाला अडकवून पळतो.

तिथपर्यंत ठीक होतं. पण मग आमच्या अक्षताला म्हापशाचं एक स्थळ आलं. सगळं छान झालं, चहा झाला, पत्रिका जुळल्या. निघताना मुलाचे वडील म्हणाले, "आम्ही रविवारपर्यंत रिव्हर्ट करतो."

मी त्यांचा हात हातात घेतला (आपुलकीने!) आणि फाटकात उभा राहून समजावलं, "रिव्हर्ट म्हणजे उत्तर देणं नव्हे हो. रिव्हर्ट म्हणजे पूर्वीच्या स्थितीला परत जाणं."

गृहस्थांनी शांतपणे ऐकून घेतलं. आणि मग त्यांनी तो शब्द अगदी बरोबर वापरून दाखवला! सगळं कुटुंब पूर्वीच्या स्थितीला गेलं, म्हणजे आमची त्यांची कधी ओळखच नव्हती अशा स्थितीला. रविवार आला नि गेला, फोन काही आला नाही.

त्यानंतर वर्षभर घरात माझ्याशी जेवणापुरतंच बोलणं होतं. आणि एके दिवशी अक्षतानेच बातमी आणली. ती तुयेच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात प्रयोगशाळेत काम करते. तिथलाच सर्वेश नावाचा मुलगा. गाव तुये. एकमेकांना पसंत. रविवारी त्याचे आईवडील आमच्याकडे येणार!

"बाबा," ती माझ्यासमोर बसून म्हणाली, "ह्यो माझो निर्णय. माका सर्वेशाशीच लगीन करूचा आसा. तुमी फकत मोडू नकात."

"मी? मी कशाला मोडीन?"

माझी बायको सुमन स्वयंपाकघरातून बाहेर आली. "दामूबाब मंडपवालो, म्हायत आसा मा?" ती म्हणाली. "सर्वेशाचो बापूय तो. पयली खाणीर तेचे ट्रक आसले. मंडप, खुर्च्यो, लाउडस्पीकर, सगळा तेचा. आणि लग्नात माईकवर बोलता पण तोच."

माझा हात आपोआप उजव्या कानामागे गेला. दामूबाबना मी ऐकलं होतं! अख्ख्या पेडण्यात त्यांच्या तोंडाला माईक लागला की इंग्रजीच्या अंगावर काटा यायचा.

"म्हणून सांगतंय," सुमन म्हणाली, "तुमी त्या दिसा तोंड उघडूचा नाय. तेंका जा बोलूचा ता बोलूंदेत. पोरीचा लग्न आसा, तुमचा हापीस न्हय!"

नुसत्या बजावण्यावर तिचा विश्वास नव्हता, म्हणून तिने दोदोल केलं. गूळ, नारळाचा रस आणि तांदळाचं पीठ तासन् तास आटवून केलेला तो काळाभोर गोड पदार्थ असा चिवट झाला होता की एक तुकडा तोंडात गेला की वरचा जबडा खालच्या जबड्याला लवकर भेट देत नव्हता आणि भेटला की सोडत नव्हता! बेत साधा होता. माझ्या ओठांची हालचाल दिसली की सुमन तुकडा पुढे करणार आणि मी तो खाणार.

रविवारी मंडळी आली. दामूबाब उंचेपुरे, पांढराशुभ्र शर्ट, आवाज असा की आमच्या खिडकीची तावदानं थरथरली. आल्या आल्या उभं राहून त्यांनी आपल्या कुटुंबाची ओळख करून द्यायला सुरुवात केली, आणि सुरुवात केली स्वतःपासून.

"लास्ट बट नॉट द लीस्ट, मी दामोदर, सर्वेशचो बापूय!"

अहो, शेवटी ज्याचं नाव घेतो त्याला वाईट वाटू नये म्हणून म्हणायचं असतं ते! हे तर पहिलेच! मी तोंड उघडलं. सुमनने दोदोल घातलं.

"विथ ड्यू रिस्पेक्ट, वयनी, चाय एकदम फर्स्ट क्लास!"

(मान राखून समोरच्याचं म्हणणं खोडायचं असतं तेव्हा विथ ड्यू रिस्पेक्ट म्हणतात. म्हणजे चहा वाईट असता तर हे वाक्य चाललं असतं!) मी श्वास घेतला. दुसरा तुकडा.

"आमच्या घरात आजून भांडण-तंटो कायच ना. टच वूड!" असं म्हणत त्यांनी बसलेल्या खुर्चीचा हात थोपटला. खुर्ची प्लास्टिकची होती. तिसरा तुकडा मी स्वतःच्या हाताने घेतला, कारण सुमन तेव्हा सर्वेशच्या आईला माडी दाखवायला वर गेली होती आणि मला स्वतःचा भरवसा नव्हता.

आणि मग दामूबाब पुढे झुकले. डोळे भरून आले होते त्यांचे. माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "मोहनबाब, काळजातलां सांगतंय. तुमची चली म्हणजे आमच्या घराक ब्लेसिंग इन डिस्गाइज!"

माझ्या डोक्यात कल्लोळ माजला! हा माणूस माझ्या लेकीला, माझ्याच घरात, माझाच चहा पिऊन, संकटाचं सोंग घेतलेलं वरदान म्हणत होता! आधी दिसायला घात, मागाहून कळतं की भलं झालं, त्याला ब्लेसिंग इन डिस्गाइज म्हणतात. माझ्या अक्षतात दिसायला काय घात आहे? मी उठलो, हात वर केला, जबडा उघडायला गेलो. जबडा उघडेना! दोदोलने मला पक्कं बांधून टाकलं होतं. मी नुसता उभा, चेहरा लालबुंद, डोळे वटारलेले, आणि घशातून "म्म्म! म्म्म!" असा आवाज.

दामूबाब हळूच आपल्या जागी मागे सरकले.

संध्याकाळी सर्वेशचा अक्षताला फोन आला. तिने फोन ठेवला तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

"तेच्या बाबांक वाटता, तुमका हो संबंध मान्य ना. म्हणता, 'पोरीचो बापूय माझ्याकडे बघून दात-ओठ खाय होतो!'"

"मी दोदोल खात होतो!"

"ता तुमका म्हायत, माका म्हायत," ती म्हणाली आणि एकदम रडायलाच लागली. "बाबा, ते म्हणतत, बापायच्या मनाविरुद्ध चली घरात हाडचो ना. आता तेंच्या देवीकडे प्रसाद लावचो म्हणतत. उजवो पडलो तर लगीन. डावो पडलो तर सोपला!"

 तिला असं रडताना मी लहानपणानंतर पाहिलं नव्हतं. देवाच्या अंगाला भिजलेल्या फुलाच्या पाकळ्या लावायच्या, गुरवाने गाऱ्हाणं घालायचं आणि उजवी पाकळी पडते की डावी ते बघायचं, ही आमच्याकडची रीत. एकदा पडला की तो निकाल. त्यावर वरचं कोर्ट नाही!

शनिवारी सकाळी उपाशीपोटी आम्ही तुयेला पोचलो. वाटेत पेडणे येईपर्यंत सुमन मला पढवत होती. "देवळात दोदोल भरवूक गावचा ना. म्हणून आयका. गुरव थांबलो की तुमी 'व्हय म्हाराजा' म्हणूचा. दोन शब्द. तेच्या फुडे एक अक्षर नाय!"

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं.

देवळात गार वाटत होतं. गुरवाने देवीला पाकळ्या लावल्या आणि हात जोडून खडा आवाज लावला.

"बा देवी माये! आज तुझी लेकरां तुझ्या पायांकडे उबी आसत!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांबरोबर मीही. मस्त जमलं!

"मोहनबाबाची चली अक्षता आणि दामूबाबाचो झील सर्वेश, हेंचा लग्न जुळवचा आसा!"

"व्हय म्हाराजा!"

"जुळता जाल्यार उजवी दी, जुळना जाल्यार डावी दी!"

"व्हय म्हाराजा!" माझा आवाज सगळ्यांत मोठा. सुमनने माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. (लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच!)

इथे थांबले असते तर ते दामूबाब कसले! माईक नसला तरी समोर माणसं होती. ते मागून म्हणाले, "गुरवबाब, आणि मागा, ती आमच्या घराक ब्लेसिंग इन डिस्गाइज म्हणान येवंदी!"

गुरवाचं काम यजमानाचं म्हणणं देवीला पोचवायचं. त्याने जराही न अडखळता ते खणखणीत आवाजात पोचवलं. "ती ह्येंच्या घराक ब्लेसिंग इन डिस्गाइज म्हणान येवंदी गे माये!"

आता सांगा, काय करायचं मी? ही देवी मागितलेलं शब्दशः देते अशी ख्याती! मागितलं तसं दिलं तर माझी पोर त्या घरात आधी संकट म्हणून उभी राहणार! सगळे "व्हय म्हारा..." पर्यंत पोचले आणि मी दोन्ही हात वर करून ओरडलो,

"नको! नको! माये, रद्द कर!"

टप्! उजवी पाकळी पडली.

 गुरव पाकळीकडे बघतोय, पाकळीवरून माझ्याकडे, माझ्यावरून देवीकडे. दामूबाब पांढरेफटक पडले.

"उजवो खऱ्यानच," गुरव कपाळ चोळत म्हणाला, "पूण कोणाक? लग्नाक काय हेंच्या 'नको'क?"

"हेंच्या नकोक!" दामूबाब कापऱ्या आवाजात म्हणाले. "बापूय देवीफुडे नको म्हणता, आणि देवी हां म्हणता! सोपला!"

अक्षताने तोंडावर हात ठेवला. सर्वेश खांबाला टेकला. सुमन माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती, ती नजर मी इथे लिहीत नाही.

मग मी बोलायला लागलो. थांबवणारं दोदोल नव्हतं! "दामूबाब, लग्नाला नको नाही म्हटलं मी! त्या इंग्रजीला म्हटलं! तुम्ही ट्रकवाले होता ना पूर्वी?"

"आसलंय. खाणीर दोन ट्रक चलय आसलंय."

"खाणी बंद पडल्या. ट्रक दारात उभे राहिले. काय वाटलं तेव्हा?"

"मेलंय म्हणान वाटला."

"आणि ट्रक विकून मंडप घेतला, खुर्च्या घेतल्या, माईक घेतला. आता?"

दामूबाबनी बोटांवर लग्नं मोजली. "आता... आता दर लग्नसराईत माका उसंत ना!"

"त्याला म्हणतात ब्लेसिंग इन डिस्गाइज! खाण बंद पडणं! माझी मुलगी नव्हे! ती नुसतं ब्लेसिंग आहे हो, सोंगबिंग काही नाही!"

 दामूबाबनी कपाळावर हात मारला. "अरे देवा! आजपर्यंत जितकी लग्नां केली, तितक्या व्हकलेक मी माईकवर हांच म्हणलां!" आणि ते हसायला लागले. त्यांचं हसू गाभाऱ्यात घुमलं. "नवरीच्या बापांनी टाळ्यो मारल्यो, मोहनबाब! टाळ्यो!"

मला त्यांचा एकदम लळाच लागला. मी त्यांना मिठी मारली. पण गुरव गंभीर होता. असला प्रसाद धरता येत नाही, पुन्हा लावायला हवा, आणि ह्या खेपेला मागणं मीच सांगायचं, नीट, एकदाच.

अशी संधी मला आयुष्यात मिळाली नव्हती! देवीला मसुदा! मी घसा साफ केला. "उपरोक्त उभय पक्षांच्या संमतीस अधीन राहून, कोणत्याही पक्षाच्या हक्कास बाध न येता..." गुरव एकेक तुकडा सांगत राहिला, मंडळी "व्हय म्हाराजा" म्हणत राहिली. पाकळी हलेना. मी एक पोटकलम जोडलं. पाकळी हलेना. मी आधीचं एक विशेषण बदलून घेतलं. गुरवाचा घसा बसला. दामूबाब पाय बदलून उभे राहिले. पाकळ्या आता वाळून देवीलाच चिकटून राहतात की काय अशी वेळ आली!

शेवटी सुमनने मला कोपराने बाजूला सारलं, पदर पसरला आणि म्हणाली, "माये, पोरांक सुखी दवर."

उजवी पाकळी पडली.

मग काय विचारता! दामूबाबनी माझा हात सोडला नाही, सर्वेश सगळ्यांच्या पाया पडत सुटला (गुरवाच्या दोनदा!), आणि मी देवळाच्या पायरीवर लेकीशेजारी जाऊन बसलो. मला मनापासून वाटत होतं ते मी विचारलं.

"बाय, एवढं काय बघितलंस त्या घरात?"

तिने चपलेचा पट्टा लावता लावता सांगितलं, "बाबा, त्या घरात कोणच कोणाची चूक काडिना. आय पर्सनली फील, माका ताच आवडला."

 मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. 'आय' म्हटल्यावर 'पर्सनली' कशाला, आपण काय दुसऱ्याच्या वतीने फील करतो, असलं काही मी बोललो नाही. एक अक्षर बोललो नाही!

(गाडीत तिच्या आईला सांगितलं, पण अगदी हळू आवाजात.)