मामा फोटोत कसे आले

माझ्या वहिनीच्या मामांनी आयुष्यात जेवढी लग्नं थांबवली, तेवढी हुंड्याने, पत्रिकेने आणि पळून गेलेल्या नवऱ्यांनी मिळूनही थांबवली नसतील. थांबवली म्हणजे मोडली नाहीत, फोटोसाठी थांबवली. भटजींचा हात अक्षतांसकट वर गेला की मामा खालून ओरडायचे, "भटजी, तिथेच!" आणि मुहूर्त टळत आला तरी भटजी हात वर करून पुतळ्यासारखे उभे. चर्चमध्येही तोच खाक्या. एकदा नवऱ्यामुलाने अंगठी घातली ती मामांना हवी तशी दिसली नाही, तर हे थेट वेदीपाशी. "फादर, परत एकदा." फादर म्हणाले, "मामा, हा संस्कार एकदाच होतो." "मग सावकाश होऊ द्या की!" त्या गावात अजूनही अंगठी सावकाश घालतात. पोरांना वाटतं, ही जुनी रीत आहे.

अख्खा तालुका त्यांना मामाच म्हणायचा. त्यांचा स्टुडिओ चंदनसारला, पिठाच्या गिरणीला लागून. त्यामुळे तिथल्या फोटोत माणूस जरा गोरा येतो अशी आमच्याकडे समजूत होती आणि मामांनी ती कधी खोडून काढली नाही. पाठीमागच्या पडद्यावर समुद्र रंगवलेला. अर्नाळ्याचा खरा समुद्र सायकलच्या अंतरावर असताना हा कशाला, असं विचारलं तर म्हणायचे, "खरा समुद्र हलतो." आमच्या घराण्यात, म्हणजे पानवेली आणि केळी लावणाऱ्या सगळ्या शाखा धरून, पहिला बी. ए. मी. हे मीच सांगतो, दुसरं कुणी सांगेल याची वाट बघण्यात अर्थ नाही. माझा पदवीचा फोटो मामांनीच काढला. काळा झगा त्यांच्याकडे खुंटीलाच असे. कुणा वकिलाचा जुना डगला होता तो, पाठीमागून पिना लावून आवळलेला. हातात पदवी म्हणून त्यांनी गुंडाळलेलं कॅलेंडर दिलं. मी म्हटलं, "मामा, खरी पदवी आणलीये मी." "ती घरी ठेव," मामा म्हणाले, "फोटोत जाड दिसत नाही."

त्यांचा कॅमेरा पोटाशी धरून त्यात वरून डोकवावं लागे. त्यात डावं उजवीकडे आणि उजवं डावीकडे दिसे. मामांनी "डावीकडे सरका" म्हटलं की जाणकार वऱ्हाडी मुकाट्याने उजवीकडे सरकत. एका रोलात फोटो बारा, आणि फोटोसाठी पदर सावरून उभी राहिलेली माणसं मांडवभर. यावर मामांचा तोडगा म्हणजे रिकामा फ्लॅश. फ्लॅशच्या पाठीला एक वेगळा खटका होता. तो दाबला की लख्ख उजेड पडे, पण कॅमेऱ्याला त्याचा पत्ताही नसे. नवऱ्याच्या मावसभावाचा मेव्हणा जोडप्याशेजारी येऊन उभा राहिला की मामा गंभीर चेहऱ्याने त्याची हनुवटी वर करवत, श्वास रोखायला लावत आणि हाच खटका दाबत. माणूस तृप्त होऊन पंगतीला जाई. "माणसाला फोटो नको असतो रे," मामा मला म्हणाले होते, "त्याला कुणीतरी विचारलेलं हवं असतं. तेवढं मी विचारतो."

माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा ती मामांना म्हणाली, "बाकीचे कसेही काढा. अंतरपाट खाली येतो ना, तेवढा एक नीट काढा. पोहे द्यायला गेले तेव्हा मी मान वर केलीच नव्हती. अंतरपाट सरला की पहिल्यांदा नीट बघणार आहे मी त्यांना." मामांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तो नाही आला, तर कॅमेरा खाडीत टाकीन."

आणि ऐन लग्नात मनवेलपाड्याहून नवऱ्याचा चुलतभाऊ उगवला. मस्कतला नोकरीला. डोळ्यांवर गॉगल, अंगाला अत्तर आणि गळ्यात झटपट फोटोचा कॅमेरा. खटका दाबला की कॅमेरा जीभ दाखवावी तसा फोटो बाहेर काढायचा. आधी पांढराफटक, मग हळूहळू त्यात माणसं उगवायची, तीही रंगीत! मांडवात लग्न बाजूला राहिलं. फोटो या हातातून त्या हातात. कुणी फुंकर घाली, कुणी पदराने पुसे, कुणाच्या हळदीच्या बोटाचा ठसा नवऱ्याच्या कपाळावर उमटे. एक फोटो तर जिलबीच्या ताटामागोमाग सगळी पंगत फिरला आणि पाक लागून परत आला. इकडे मामांनी वरपक्षाचा ग्रुप लावला, कॅमेऱ्यात डोकं घातलं, सगळं जुळवलं आणि वर बघतात तर समोर फक्त खुर्चीवरचे आजोबा. तेही उठता येत नव्हतं म्हणून. "मामा, तुमचे फोटो कधी मिळणार?" कुणीतरी विचारलं. "पंधरा दिवसांनी." "पंधरा? याचा तर झाला पण!" मामा कडाडले, "पोराला नऊ महिने लागतात ते चालतं, आणि फोटोला पंधरा दिवस चालत नाहीत?"

शेवटची मंगलाष्टका सुरू झाली. मामा स्टुलावर चढून तयार. "शुभमंगल" म्हणायला आणि मस्कतवाला पलीकडून पुढे घुसायला एकच गाठ पडली. मामांनी एका हाताने त्याला हाकललं, "ए मस्कत, बाजूला हो!" अंतरपाट खाली आला, माझ्या बहिणीने मान वर केली, लख्ख उजेड पडला. बहिणीने मामांकडे एकदा पाहिलं. मामांनी मान डोलावली. झालं काम.

रोल धुतला तेव्हा मी स्टुडिओतच होतो. ओली निगेटिव्ह तारेला लटकवून मामा एकेक चौकट बघत होते. आधीच्या चौकटीत भटजींचा हात वर. पुढच्या चौकटीत गळ्यात हार पडलेले. मधली चौकट नव्हतीच. एक हात मस्कतला हाकलण्यात गुंतला होता आणि दुसरा जन्माच्या सवयीने पाठीमागच्या खटक्यावर गेला होता. इतकी वर्षं लोकांना मारलेला रिकामा फ्लॅश मामांनी त्या दिवशी स्वतःला मारला होता.

मामा कॅमेरा उचलून पिशवीत घालू लागले. मी म्हटलं, "मस्कतवाल्याने काढलाय की तो."

"त्याच्या दारात मी जाणार नाही."

"मग चला खाडीवर. मी सायकल काढतो."

मामांनी शर्ट बदलला आणि आम्ही मनवेलपाड्याला गेलो. मस्कतवाला बिचारा सरळ माणूस. म्हणाला, "तो आत्याने नेला, चांदीपला. माझ्याकडे काय राहतंय, मामा? लोक हातातून ओढून नेतात."

"निगेटिव्ह?"

"याला निगेटिव्ह नसते."

"म्हणजे एकच?" मामांनी त्या कॅमेऱ्याकडे पहिल्यांदाच दयेने पाहिलं.

चांदीपला आत्याबाई अंगणात तांदूळ पाखडत होत्या. फोटो देव्हाऱ्यात, गणपतीला टेकवून ठेवलेला. "बसा. पानी घ्या," त्या म्हणाल्या. "फोटो नाय देनार."

"आत्याबाई, दोन दिवसांत परत आणून देतो."

"आमच्या थोरलीच्या लग्नात तूच होतास ना रे फोटोवाला? मला उभी केलीस. हनवटी वर करवलीस. डोळ्यांसमोर वीज पाडलीस. मी गावभर सांगितलं, माझा फोटो येनार. अल्बम आला. उलटा केला, पालटा केला. मी कुठं हाय?"

भटजींना आणि फादरना थांबवणारे मामा जमिनीकडे बघत बसले. मग मामा उठले आणि त्यांनी कॅमेऱ्यात नवा रोल भरला.

"उभ्या राहा."

"आता? या लुगड्यावर?" आत्याबाई आत गेल्या त्या नथ घालूनच बाहेर आल्या. मामांनी फोटो काढला. "उजेड नाय पडला?" आत्याबाईंनी संशयाने विचारलं.

"उन्हात लागत नाही."

"पडला पायजे. त्याबिगर मला कसं कळनार?"

मग भर दुपारी, टळटळीत उन्हात, मामांनी फ्लॅश मारून आत्याबाईंचे फोटो काढले. सुपासकट, गाईसकट, तुळशीसकट. बाराच्या बारा खरे.

देव्हाऱ्यातला फोटो हातात आला तेव्हा मामांचा चेहरा बघण्यासारखा झाला. अंतरपाट अर्ध्यावर, माझी बहीण मान वर करून बघतेय, अगदी तिला हवं होतं तसं. आणि कडेला स्टुलावर साक्षात मामा. डोळे वटारलेले, तोंड उघडं, हात वर. "मला कापता येईल का रे?" त्यांनी हळूच विचारलं. येणार नव्हतं. मामांचा हात बरोबर नवऱ्याच्या मुंडावळ्यांवर आला होता. मामांना कापायचं तर नवराही कापावा लागला असता. शेवटी त्यांनी त्या फोटोचाच काळापांढरा फोटो काढला आणि अल्बमात मानाच्या पानावर लावला.

बहिणीने ते पान खूप वेळ पाहिलं. "मला हवा तस्साच आलाय, मामा," एवढंच म्हणाली. बाकीचे तसे सोडणार नव्हते. "मामा, तुम्ही फोटोत, मग फोटो काढला कुणी?"

"कॅमेरा आपोआप काढतो. आधी लावून ठेवावा लागतो."

"मग ओरडताय कुणावर?"

"कॅमेऱ्यावर."

त्यानंतर मामांनी रिकामा फ्लॅश मारलाच नाही असं मी म्हणणार नाही. पण म्हातारी बाई समोर येऊन पदर सावरू लागली की त्यांचा हात पाठीमागच्या खटक्याकडे जात नसे.

मामा गेले तेव्हा भिंतीवर लावायला त्यांचा फोटो शोधू लागलो, तर एकही नाही. तालुक्याचे चेहरे टिपणारा माणूस स्वतः कुणाच्याच समोर उभा राहिलेला नव्हता. चांदीपचा रंगीत फोटो एव्हाना पुन्हा पांढरा होत चालला होता. माणसं जशी उगवली तशी मावळत होती. मग बहिणीने अल्बम आणून दिला आणि त्यातून मामांना मोठं करून घेतलं.

आता स्टुडिओच्या भिंतीवर हार घातलेले मामा हात वर करून ओरडताहेत. तेराव्याला माणसं फूल वाहायला येत होती, आणि येणारा प्रत्येक जण हात जोडायच्या आधी नकळत बाजूला सरकत होता. फोटोतला हात डावीकडे दाखवतो. मी उजवीकडे सरकलो.