मागच्या गेटचा शनिवार

परवा नातीचा फोन आला. ती ठाण्याला एका कंपनीत नेटवर्कचं काम करते, आणि अडलं की आईला नाही, मला फोन लावते. "आजी, नियम बरोबर आहे, गट बरोबर आहे, तरी फायरवॉल मशीनला सोडत नाहीये. काय करू?"

"गट बरोबर म्हणजे काय गो? आत्ता या घडीला गटात कोण बसलंय ते बघितलंस?"

पलीकडे टकटक. मग किंचाळी. "अगं, रिकामा आहे की!"

"मग रिकाम्या गटाचा बरोबरपणा काय चाटायचाय?" असं म्हणून मी फोन ठेवला. तिला वाटलं, आजी हुशार. हुशारी कसली! हे एवढं कळलं तेव्हा काय झालं, ते तिला कधी सांगितलं नाही.

मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात मी कॉम्प्युटर विभागात होते. लागले टायपिस्ट म्हणून. शिकलेले साहेबलोक नोकरी सोडून जात राहिले आणि त्यांची एकेक यंत्रं माझ्या गळ्यात पडत गेली. शेवटी फायरवॉलही पडली. फायरवॉल म्हणजे कारखान्याच्या नेटवर्कवरचा नाकेदार. कोणतं मशीन कोणाशी बोलेल ते तो ठरवणार, आणि त्या नाकेदाराची मी मालकीण! काय ती मिजास. ओळखपत्राची निळी पट्टी गळ्यात घालून मी पिठाच्या गिरणीतसुद्धा जायचे. आमच्या टोकावड्याच्या एसटीत कंडक्टर "पुढे सरका बाई" म्हणाला, तरी वाटायचं, बिचाऱ्याला ठाऊक नाही आपण कोणाला सरकवतोय. पन्नाशीला टेकलेली बाई, पण अक्कल अजून दुधाच्या दातांची.

त्याच कारखान्यात माझ्या थोरल्या नणंदबाई, वन्सं, पॅकिंगला होत्या. नवरा गेल्यावर भावाकडे, म्हणजे आमच्याकडे परत आल्या होत्या. मीच त्यांना चिकटवलं होतं, ठेकेदाराच्या बायांमध्ये. वन्संना घरात कोणी वावगं बोलत नसे, तरी भाकरी मोडताना त्यांची मान खाली असायची. त्यातच कंपनीनं सांगितलं की ज्या बायांची हजेरी वर्षभर चोख राहील, त्यांना कंपनीत कायम करणार. त्या दिवशी बसमध्ये वन्सं खिडकीकडे तोंड करून म्हणाल्या, "कायम झाले ना गो, तर टोकावड्यात एक खोली घेईन. कोणाच्या चुलीला टेकायला नको." मला राग आला होता थोडा. आमची चूल काय वाईट होती? पण एवढं कळलं, की या बाईला दुसरं काही नको आहे.

आणि वन्संच्या खात्यावर गैरहजेऱ्या लागायला लागल्या. सगळ्या शनिवारच्या.

"मी आले होते गो! तू नव्हतीस का माझ्यासंगं एसटीत?" होते ना. मी पुढच्या गेटनं आत गेले, त्या मागच्या. पुढचं गेट स्टाफचं, मागचं ठेकेदाराच्या बायांचं. दोन्हीकडे हजेरीचं यंत्र होतं, आत जाताना बोट ठेवायचं. मागचं यंत्र स्वस्तातलं. स्वतः काही लक्षात ठेवत नसे, प्रत्येक बोट आतल्या सर्व्हरला विचारून ओळखायचं. शनिवारी सकाळी ते नुसतं लाल व्हायचं. वॉचमन म्हणायचा, "जावा आत, मागनं बघू." बाया आत जायच्या, दिवसभर राबायच्या, आणि हजेरीत नसायच्या.

साहेबांकडे गेले. साहेब नवे, तरणे, गोड बोलणारे. म्हणाले, "मॅडम, ह्या बायकांचं मला माहितीये. शुक्रवारच्या सुट्टीला शनिवार जोडतात."

"साहेब, मी स्वतः त्यांच्याबरोबर आले."

"सिस्टिम तसं म्हणत नाही ना."

आता सिस्टिम म्हणजे मीच. मला इरेला पेटवायला तेवढं पुरलं.

आमच्या फायरवॉलवर हजेरीच्या यंत्रांचा एक गट होता. त्या गटात यंत्रांची नावं लिहिलेली नसायची. बैलबाजारात विकलेल्या बैलाच्या पाठीवर गुलाल टाकतात आणि बाहेरच्या नाक्यावरचा माणूस गुलाल बघून बैल सोडतो, तसं. यंत्र जागं झालं, त्यानं नेटवर्ककडे पत्ता मागितला, की एक प्रोग्राम त्या पत्त्यावर टॅग चिकटवायचा. टॅग असेल तो पत्ता गटात. गटातला असेल त्याला सर्व्हरकडे वाट मोकळी. सोय चांगली होती. यंत्र बदललं तरी कोणाला यादी बदलावी लागायची नाही.

मी तक्रार आली की दुपारी, चहा घेऊन, ऐटीत फायरवॉल उघडायचे. नियम बघायचे, बरोबर. गट बघायचे, दोन्ही यंत्रं आत. केबल तपासली, यंत्र बंद-चालू केलं, वॉचमनला झापलं, बायांना बोटं धुऊन या म्हणून सांगितलं. त्यांच्या बोटांना डिंक असतो ना! एक जण म्हणाली, "बाई, शनवारीच डिंक लागतो का आमाला?" मी तिच्याकडे असं बघितलं, जशी मास्तरीण पाढा चुकलेल्या पोरीकडे बघते. आता आठवलं की माझ्याच गालफडात मारावंसं वाटतं. अख्खा उलगडा तिनं हातात ठेवला होता आणि मी साबण शोधत होते.

शेवटी एका शनिवारी वन्सं बसमधून उतरल्या आणि म्हणाल्या, "आज तू चल माझ्या गेटानं. बघू तुझं बोट तरी लागतं का." गेले. माझं गोरंगोमटं, डिंक नसलेलं, निळ्या पट्टीवालं बोट ठेवलं. लाल. मागं बायांची रांग. कोणीतरी फिस्सकन हसलं. "मॅडमचं पण नाय लागलं!"

मी तिथंच ओट्यावर बसून लॅपटॉप उघडला. गटात एकच यंत्र. पुढच्या गेटचं.

आणि मग डोक्यात उजेड पडला. शुक्रवारी आमच्याकडे लाइट नसते. दुरुस्तीसाठी दिवसभर बंद, म्हणून कारखान्यालाही सुट्टी. हे इकडच्या पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. फायरवॉल बसवायला आलेल्या पुण्याच्या माणसाला ठाऊक नव्हतं, आणि आमच्यापैकी कोणी सांगितलं नाही, कारण सूर्य पूर्वेला उगवतो हे कोण कोणाला सांगतं? त्यानं टॅगला मुदत घातली होती. ठरावीक वेळात यंत्रानं पुन्हा पत्ता मागितला नाही की टॅग गळून पडायचा. फायरवॉलला आणि पुढच्या गेटला इन्व्हर्टर होता. साहेबांचं गेट, ते कधी झोपत नसे, त्याचा टॅग ताजा. मागच्या गेटाला कशाला इन्व्हर्टर! ते शुक्रवारभर मेलेलं, टॅग गळालेला. शनिवारी सकाळी लाइट आली की ते उठायचं, जुनाच पत्ता धरून बसायचं आणि नव्यानं मागणी करायचं दुपारी. तेव्हा गुलाल. तेव्हा गट भरलेला. आणि तेव्हाच मी, चहा घेऊन.

मी मुदत काढून टाकली. टॅग कायमचा चिकटवला. पुढच्या शनिवारी मागचं यंत्र हिरवं झालं आणि बाया टाळ्या वाजवून आत गेल्या. मी केस विंचरून साहेबांसमोर उभी राहिले. गेल्या सगळ्या शनिवारी सकाळी मागचं यंत्र गटात नव्हतं, हे स्क्रीनवर दाखवलं. मला काय वाटलं होतं? साहेब म्हणतील, अरेरे, केवढा अन्याय, आणा त्या बायांना. हो, खरंच वाटलं होतं. कारण सापडलं की माणसं शरमतात, असं त्या बावळट बाईला वाटायचं.

साहेब खुर्चीत मागे रेलले. "एक्सलंट, मॅडम. आता पुढे प्रॉब्लेम नाही ना येणार?"

"नाही. पण मागच्या गैरहजेऱ्या..."

"त्या हेड ऑफिसला गेल्या. आता उघडल्या तर विचारतील, एवढे दिवस फायरवॉल कोण बघत होतं." थांबले, हसले. "कोण बघत होतं, मॅडम?"

मी लॅपटॉप मिटला. ते आणखी गोड झाले. "राहू द्या. तुमचं काम चांगलंय. तुमचा फोटो लावू या कँटीनमध्ये."

आणि लावला. मी नाही म्हणाले नाही, उलट स्टार्चची साडी नेसून गेले होते. त्या फोटोखाली वन्सं डबा खायच्या.

कायम झालेल्यांत वन्सं नव्हत्या. त्या रांगेतली एकही नव्हती. यादी मीच त्यांना वाचून दाखवली. त्या घरी आल्या, उजेडातच मागच्या पडवीत तीन दगड मांडले, आपलं पातेलं वेगळं काढलं. त्यांचा भाऊ ओरडला, मी रडले. "लोक काय म्हणतील वन्सं?"

"म्हणतील, बाई रांधून खाते."

पुढं ठेकेदारानं त्या बाया बदलल्या. वन्सं दुसऱ्यांच्या शेतात आवणीला, भाताची रोपं लावायला, जात राहिल्या, तब्येत सोसली तोवर. किती वर्षं पडवीतून वेगळा धूर निघायचा.

गेल्या साली त्यांचे गुडघे गेले. वाकता येईना, चूल विझली. आता ताट माझ्या हातचं जातं. पहिल्या दिवशी ताट ठेवलं तेव्हा माझ्यानं राहवलं नाही, म्हणाले, "एवढा काय परकेपणा, वन्सं? घर तुमचंच आहे."

त्यांनी ताट जवळ ओढलं. "घर भावाचं गो," म्हणाल्या. "माझी ती कंपनी होणार होती."

आणि मान खाली घालून भात कालवायला लागल्या.